छोटा स्टिरिओ अ‍ॅम्प: ६ ओहमचे स्पीकर, टीव्ही आणि १२ हजारांची मर्यादा

मंद्रसप्तक

जेबीएल स्टेज ए १३० स्पीकरची जोडी घरात आहे (६ ओहम, ८६ डेसिबल). हॉल ११ बाय १४ फूट, बसायची जागा स्पीकरपासून आठ फुटांवर. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यपदं, जुनी मराठी-हिंदी गाणी. संध्याकाळी टीव्हीच्या बातम्या आणि मालिका. टीव्हीला मागे ऑप्टिकल (प्रकाशातून डिजिटल आवाज देणारं) आउटपुट आहे आणि हेडफोनचं भोक आहे. फोनवरून ब्लूटूथ हवं.

नेहमीचा १७ इंची अ‍ॅम्प टीव्हीखालच्या खणात बसत नाही. खण १० इंच रुंद, ९ इंच खोल. बजेट अ‍ॅम्प धरून सगळं मिळून १२ हजार.

अडलंय ते असं: एकाच टीपीए ३२५५ चिपच्या डब्यांवर कुणी ३०० वॅट लिहितो, कुणी १५०. खरं काय धरायचं? एक लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर पडून आहे, १९.५ व्होल्ट ४.६२ अँपिअर, तो वापरता येईल का? आणि घरात ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांना उठून बटण फिरवायला लागू नये.

---

सोल्डरगन

डब्यावरचे वॅट सोडून द्या. दोनच आकडे बघा: अ‍ॅडॉप्टर किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा. या छोट्या क्लास डी (भराभर चालू-बंद होत चालणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये व्होल्टेज वाढवणारं काही नसतं. अ‍ॅडॉप्टर जे देतो तीच आवाजाची कमाल मर्यादा.

हिशोब सोपा आहे. हे अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना चालवणारे. त्यामुळे आवाज फाटायच्या आधीचे जास्तीत जास्त वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. तुमच्या ६ ओहमला १९.५ व्होल्टवर ३० च्या आसपास, २४ व्होल्टवर ४८, ३२ व्होल्टवर ८५, ४८ व्होल्टवर १९२. हे कागदावरचे आकडे. चिपच्या आतल्या रोधात आणि गुंडाळीत थोडे जातात, दहा-पंधरा टक्के वजा करा.

आता ते ३०० वॅट. टीपीए ३२५५ च्या डेटाशीटमध्ये ३१५ वॅट प्रति चॅनल लिहिलेत, पण ४ ओहमला, ५१ व्होल्टच्या आसपास आणि १० टक्के डिस्टॉर्शनला. १० टक्के म्हणजे आवाज सरळ फाटलेला. एक टक्क्याला मोजलं तर आकडा साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतो. शिवाय डब्यासोबत ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर तो एकूण २४० वॅटचा. दोन चॅनलला मिळून ६०० वॅट त्यातून येणार कुठून?

तुम्हाला लागतात किती ते बघू. ए १३० चे ८६ डेसिबल हे २.८३ व्होल्टला, एक मीटरवर. २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर कमाल सुमारे १७ व्होल्ट आरएमएस (म्हणजे प्रभावी व्होल्ट) मिळतात, म्हणजे २.८३ च्या सहा पट, म्हणजे साडेपंधरा डेसिबल जास्त. एक मीटरवर १०१. आठ फुटांवर त्यातले आठ जातात, दोन स्पीकरचे तीन मिळतात: ९६ च्या आसपास, खोलीच्या भिंती देतात ते वेगळं. घरात निवांत ऐकताना सरासरी ७० ते ७५ असते. तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली चढी तान सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जाते. म्हणजे ९५. बसलं.

२४ वरून ३२ व्होल्टवर गेलात तर अडीच डेसिबल वाढतात. ४८ वर गेलात तर २४ पेक्षा सहा. अडीच डेसिबल शेजारी ठेवून ऐकलं तरच कळतात. म्हणून माझं मत: तुमच्या खोलीला ३२ व्होल्ट ५ अँपिअर भरपूर. ४८ वाल्याचे जास्तीचे पैसे वाचवा आणि टीव्हीच्या जोडणीवर घाला, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे.

---

फ्यूजतार

अ‍ॅडॉप्टरबद्दल.

१९.५ व्होल्ट ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॅटचा. टीपीए ३११६ (अशाच डब्यांतली कमी ताकदीची चिप) वर बिनधास्त चालेल, त्या चिपची रेंज ४.५ ते २६ व्होल्ट आहे. ३२५५ च्या डब्याला मात्र लावण्याआधी मागचा छाप वाचा. बऱ्याच डब्यांवर खालची मर्यादा २४ व्होल्ट असते. कमी व्होल्टवर जळत नाही, पण सुरूच होत नाही किंवा होऊन बंद पडतं.

उलट चूक जास्त महागात पडते. घरात ३६ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आहे म्हणून ३११६ ला लावला की चिप गेली, कधीकधी सोबत कपॅसिटरही. नियम एवढाच: अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट जास्त चालत नाहीत.

लॅपटॉपचा प्लग बघा. जाड गोल ७.४ मिलिमीटरचा आणि मधोमध सुईसारखी बारीक पिन असेल, तर ती पिन वीज देणारी नाही. लॅपटॉपला ओळख पटवणारी आहे. प्लस आतल्या नळीच्या आतल्या बाजूला, मायनस बाहेर. अ‍ॅम्पला लागतो तो बहुधा ५.५ बाय २.५ चा. इथे एक खोच आहे: ५.५ बाय २.१ चा सॉकेट आणि ५.५ बाय २.५ चा प्लग एकमेकांत जातात, पण सैल बसतात. खालच्या सुरांना करंट वाढला की ठिणगी, खरखर, मग सॉकेट काळा. कन्व्हर्टर घेताना दुसरा आकडा विचारून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात. लावण्याआधी मल्टिमीटरने आतलं प्लस आहे ना ते तपासा, दहा सेकंदांचं काम आहे.

अ‍ॅडॉप्टर कमी पडला की त्याची खूण ठरलेली. आवाज वाढवल्यावर डग्ग्याच्या घुमाऱ्याला आवाज क्षणभर तुटतो, परत येतो, पुन्हा तुटतो. अ‍ॅम्पचा दिवाही त्याच तालात मिणमिणतो. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवायला बंद होऊन पुन्हा सुरू होत असतो. लोक अ‍ॅम्प खराब म्हणून परत करतात.

नवीन अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. परदेशी पिन असलेला आला तर प्लगवर चढवायचा स्वस्त कन्व्हर्टर वापरू नका. अ‍ॅडॉप्टरची वायर सुटी असेल (कॉम्प्युटरला असते तशी), तर आपल्याकडची तीन पिनांची वायर घ्या आणि लावा.

---

खुंटी

वरच्या हिशोबाशी सहमत. पण मंद आवाजात ऐकणाऱ्याला वॅटपेक्षा दुसऱ्याच गोष्टी छळतात, त्या सांगतो.

पहिली, व्हॉल्यूमचं बटण. स्वस्त डब्यात दुहेरी पॉट (फिरवून आवाज कमी-जास्त करणारा रोध) असतो, एका दांड्यावर डावा-उजवा असे दोन. सुरुवातीच्या एक अष्टमांश फिरण्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात. रात्री अकराला अगदी हळू लावलं की गायक मधून सरकून डावीकडे बसतो, तानपुरा एकाच बाजूला ऐकू येतो. डबा बदलून हे जातंच असं नाही. उपाय: सोर्सचा आवाज ५०-६० टक्क्यांवर आणा, म्हणजे अ‍ॅम्पचं बटण नऊ-दहा वाजल्याच्या जागी येतं आणि दोन्ही बाजू जुळतात.

दुसरी, सुस्कारा. गाणं थांबवल्यावर ट्वीटरमधून ‘स्स्स’ येतं. ३११६ चा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल असा रेझिस्टरने ठरवता येतो. सुटे बोर्ड विकणारे पुष्कळदा जास्तीच्या गेनवर ठेवतात, कारण मोबाइल लावल्यावर दणका जाणवला पाहिजे. आलापामधल्या शांततेत हा सुस्कारा ऐकू येतो. सोल्डरिंग जमत असेल तर २६ किंवा २० वर आणा, पॉटचाही त्रास कमी होतो. तुमचे स्पीकर ८६ डेसिबलचे आहेत त्यामुळे थोडक्यात निभावेल. ९२-९५ वाल्यांना मात्र हे असह्य होतं.

तिसरी, वरच्या सुरांचा कल. या अ‍ॅम्पच्या शेवटी गुंडाळी आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. साध्या डिझाइनमध्ये तो फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या वाटेच्या) बाहेर राहतो, त्यामुळे स्पीकर किती ओहमचा यावर १० किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज बदलतो. ४ ओहमला थोडा खाली, ८ ओहमला एखाद-दोन डेसिबल वर. स्पीकर ६ ओहमचा लिहिला तरी वरच्या पट्टीत त्याचा रोध चढलेला असतो, म्हणून कुणाला हे अ‍ॅम्प ‘चुरचुरीत’ वाटतात. फिल्टरनंतरून फीडबॅक घेतलेले अ‍ॅम्प यातून सुटतात. फोसीचा व्ही ३ मोनो तसा आहे, पण त्याचे दोन नग लागतात आणि तुमचं बजेट मोडतं. पन्नाशीनंतर १२ किलोहर्ट्झच्या वरचं तसंही कमीच ऐकू येतं, तेव्हा यावर झोप घालवू नका.

नावं घ्यायची तर आयिमा ए ०७ आणि फोसी व्ही ३, दोन्ही ३२५५ वर. ए ०७ हा साधा ठोकळा: एक आरसीए इनपुट (लाल-पांढऱ्या गोल पिनांचा), स्पीकरची टोकं, एक बटण. ब्लूटूथ नाही, रिमोट नाही. आत सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप, म्हणजे एनई ५५३२ ऑपअ‍ॅम्प सॉकेटमध्ये बसवलेत, म्हणून लोक महागडे ऑपअ‍ॅम्प घालत बसतात. ते पैसे चांगल्या अ‍ॅडॉप्टरवर घातलेले बरे. एनई ५५३२ या डब्यातला कच्चा दुवा नाही.

---

मंद्रसप्तक

हिशोब कळला, ३२ व्होल्टवर थांबतो. पण मग टीव्ही कसा जोडायचा? हेडफोनच्या भोकातून आरसीए वायर टाकली तर काम होईल ना? आणि रिमोटचं काय?

---

पीसीएम

होईल, आणि रिमोटचा प्रश्नही त्यातच सुटू शकतो. आधी फरक लक्षात घ्या.

हेडफोनचा आउटपुट टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होतो. ऑप्टिकल बहुतेक टीव्हींवर ठराविक पातळीवर असतो, रिमोट दाबून काही होत नाही. घरातल्यांना एकच रिमोट हवा असेल तर हेडफोनचा रस्ता सोयीचा: ३.५ मिलिमीटर ते दोन आरसीए, दीड-दोन मीटर. टीव्हीचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवून अ‍ॅम्पचं बटण असं लावा की तो तुमच्या दृष्टीने मोठ्यात मोठा आवाज असेल. मग ते बटण कुणी हलवायचं नाही, पुढचं सगळं रिमोटवर. फुल्ल १०० ठेवू नका, काही टीव्हींचा हेडफोन आउटपुट शेवटच्या टप्प्यात स्वतःच फाटतो. सेटिंगमध्ये हेडफोन लावल्यावर टीव्हीचे स्पीकर बंद करायचा पर्याय असतो तोही बघा.

तोटा असा की या वाटेने घरघर येण्याची शक्यता जास्त. टीव्हीच्या मागे डिशची किंवा केबलची कोअ‍ॅक्स वायर आहे, तिचं कवच गच्चीपर्यंत गेलेलं. इकडे अ‍ॅम्पचा अ‍ॅडॉप्टर तीन पिनांचा आणि त्याचा मायनस अर्थला जोडलेला असेल तर दोन अर्थमध्ये वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’. तपासायची पद्धत: सेटटॉप बॉक्सची कोअ‍ॅक्स काढा. घरघर गेली तर तेच कारण. अ‍ॅडॉप्टरची अर्थची पिन कापू नका. ती कापली की घरघर जाते, पण आत काही बिघडलं तर डब्याचं पत्र्याचं अंग जिवंत होतं.

बरा उपाय ऑप्टिकल. काचेची किंवा प्लास्टिकची वायर, तिच्यातून वीज जातच नाही. ऑप्टिकल घेऊन आरसीए देणारी छोटी डॅक (डिजिटलचा साधा सिग्नल करणारी) डबी लागते. दोन चुका सगळे करतात. एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर राहतो. डबीला डॉल्बी उलगडता येत नाही, म्हणून काही चॅनलना आवाज येतो आणि ओटीटीवर शुकशुकाट, नाहीतर नुसती खरखर. तो ‘पीसीएम’वर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा. सेटटॉप बॉक्सलाही असंच वेगळं सेटिंग असतं, तेही पीसीएम किंवा स्टिरिओ करा. दोन, डबीला ५ व्होल्ट टीव्हीच्याच यूएसबीतून दिले जातात. ऑप्टिकलने तोडलेला अर्थ यूएसबीने परत जोडला! डबीला फोनचा दोन पिनांचा वेगळा चार्जर द्या.

या वाटेने गेलात तर रिमोट अ‍ॅम्पला किंवा डबीला असावा लागतो. म्हणून तुमच्यासारख्यांनी रिमोट, ब्लूटूथ आणि ऑप्टिकल तिन्ही एकाच डब्यात असलेला अ‍ॅम्प बघावा, मग चिप कोणती का असेना. एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज परत देणारी सोय) असेल तर टीव्हीच्याच रिमोटने अ‍ॅम्पचा आवाज हलतो. विम अ‍ॅम्पमध्ये ती सोय आहे आणि चिपही ३२५५ च, पण तो १२ हजारांत येत नाही.

ब्लूटूथ टीव्हीसाठी वापरू नका. आवाज ओठांच्या मागे पडतो, बातम्या बघताना चीड येते. गाण्यांना हरकत नाही.

---

सोल्डरगन

एक भर, दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरबद्दल. ओल्या हाताने किंवा अनवाणी उभं राहून डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आत मेन्सपासून आउटपुटकडे एक छोटा सुरक्षा कपॅसिटर असतो, त्याची ती गळती. अ‍ॅडॉप्टर प्रमाणित असेल तर धोका नसतो. पण आरसीए वायर चालू अवस्थेत जोडताना हीच गळती इनपुटवर जाते. म्हणून सगळं बंद करून जोडा.

आणि अ‍ॅम्प बंद खणात ठेवणार असाल तर मागचा पत्रा काढा किंवा मोठं भोक पाडा. चिप थंड राहते हे खरं, क्लास डी नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. पण अ‍ॅडॉप्टरची वीटही लोक त्याच खणात कोंबतात आणि आधी तीच मान टाकते. अ‍ॅम्पवर सेटटॉप बॉक्स ठेवू नका.

---

फ्यूजतार

वायर आणि जोडणी राहिली.

चार मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांच्या पिळाची तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन आठ मीटरला रोध ०.१ ओहमच्या आसपास, ६ ओहमपुढे काहीच नाही. ‘स्पीकर केबल’ म्हणून पारदर्शक वेष्टणात विकतात त्यातली पुष्कळशी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका. कोकणात, गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत ती जोडापाशी लवकर खराब होते. चांगल्या कंपनीची घरगुती वायरिंगची लवचीक वायर लाल-काळी घेऊन पीळ घातला तरी काम उत्तम होतं.

टोकं सोलताना दहा-बारा मिलिमीटरच सोला आणि एकही तार बाहेर लोंबू देऊ नका. या डब्यांचे लाल-काळे टर्मिनल इतके जवळ असतात की एक केस शेजारच्याला टेकला की अ‍ॅम्प संरक्षणात जातो, तेही नशीब चांगलं असेल तर. बनाना प्लग लावलेत तर हा प्रश्न मिटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रिज अ‍ॅम्पमध्ये काळं टोक म्हणजे अर्थ नव्हे. लाल आणि काळं दोन्हींवर सिग्नल असतो, दोन्हींवर अ‍ॅडॉप्टरच्या निम्मे व्होल्ट बसलेले असतात. डाव्या-उजव्याचं काळं एकत्र बांधू नका. स्पीकर टर्मिनलवरून हेडफोनचं भोक काढू नका. जुन्या म्युझिक सिस्टिमचा सबवूफर स्पीकर वायरने जोडायचा असेल आणि त्याचा मायनस आतून अर्थला असेल, तर अ‍ॅम्प जातो. सबवूफर हवाच असेल तर वेगळा सब-आउट असलेला डबा घ्या आणि आरसीएने जोडा.

---

मंद्रसप्तक

सब नको, डग्गा ऐकू आला म्हणजे झालं. घरात सकाळी रेडिओवर आकाशवाणी लागते, मध्यम लहरींवर. त्याला या अ‍ॅम्पचा त्रास होतो का?

---

खुंटी

होतो, एकाच कपाटात ठेवलात तर. हे अ‍ॅम्प काही लाख हर्ट्झने चालू-बंद होत असतात. ३११६ उदाहरणार्थ ४०० किलोहर्ट्झवर चालवला तर त्याच्या दुपटी-तिपटी ८०० आणि १२०० वर येतात, थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात. रेडिओवर शिट्टी किंवा भुणभुण येते, आणि स्पीकरची वायर लांबलचक सैल सोडलेली असेल तर तीच एरियल होते. लाल-काळ्याला पीळ घाला, जास्तीची वायर गुंडाळून न ठेवता कापा. रेडिओ दोन मीटर लांब आणि आडवा-उभा फिरवून बघा, आत फेराइटची दांडी असते, एका दिशेला त्रास एकदम उतरतो. त्यानेही नाही भागलं तर रेडिओच्या वेळेत अ‍ॅम्पचा बटणातला स्विच नव्हे, भिंतीवरचा बंद करा. काही डब्यांत बटण बंद केलं तरी अ‍ॅडॉप्टर चालूच असतो आणि भुणभुण त्याचीही असते.

डग्ग्यासाठी स्पीकर भिंतीपासून आठ-दहा इंच पुढे ठेवून सुरुवात करा. ए १३० चं पोर्ट (हवा बाहेर काढणारं भोक) मागे आहे, भिंतीला चिकटवलं की घुमारा फुगतो आणि बोल पुसट होतात. तिथून एकेक इंच मागे-पुढे करत एकच विलंबित बंदिश पुन्हापुन्हा लावा.

---

मंद्रसप्तक

म्हणजे रिमोट, ब्लूटूथ, ऑप्टिकल एकत्र असलेला डबा, ३० व्होल्टच्या आसपासचा अ‍ॅडॉप्टर, टीव्ही पीसीएमवर, वायर १.५ ची. तसा डबा बजेटात नाही मिळाला तर ए ०७ आणि हेडफोनची वायर. खणाचा मागचा पत्रा या रविवारी काढतो.